शिवारात पळायला जागा कुठंय?

वीज पडून माणूस गेला की गावात एकच वाक्य ऐकू येतं, "वेळ भरली होती." कुणी म्हणतं पायाळू होता, कुणी म्हणतं नशीब. हे ऐकून आता माझा जीव जळतो. कारण ज्यांच्यावर वीज पडते त्यांची यादी काढून बघा, जवळजवळ सगळे शेतात राबणारे निघतील. सालगडी, खुरपणीच्या बाया, शेळ्यांमागचं पोरगं, बैल सोडायला गेलेला म्हातारा. नशीब काय फक्त रानात राबणाऱ्यांनाच धरतं?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ची आकडेवारी बघा. त्या वर्षी देशात नैसर्गिक आपत्तींमध्ये ८,०६० माणसं गेली, त्यातली २,८८७ वीज पडून. म्हणजे तीनातला एक. आधीच्या दोन वर्षांतही आकडा २,८००च्या वरच होता. पूर आला की कॅमेरे येतात, मंत्री येतात, पंचनाम्याचे आदेश निघतात. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी रानं खरवडून नेली तेव्हा सगळं राज्य हललं, आणि हलायलाच पाहिजे होतं. पण वीज एकेकट्याला नेते. आज या तालुक्यात एक, उद्या शेजारच्या तालुक्यात दोघी. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि विषय संपतो.

आमचा भाग परभणी-नांदेडकडचा, गोदावरीचं खोरं. काळी, सपाट रानं. कोसभर बघितलं तरी नजरेला अडवणारं काही नाही, बांधावरची बाभूळ किंवा लिंब सोडला तर. अशा रानात सोयाबीन गुडघ्याएवढं आणि त्यात उभा माणूस सगळ्यात उंच. विजेचे दिवस इथं दोनदा येतात. एकदा अवकाळी आणि वळवाच्या पावसात, म्हणजे एप्रिल-मेपासून मृगाच्या पेरणीपर्यंत. दुसऱ्यांदा परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरला. या दुसऱ्या काळाची मला जास्त भीती वाटते, कारण नेमकं तेव्हाच सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि गावातलं माणूस न् माणूस रानात असतं.

काढणीची दुपार डोळ्यांपुढे आणा. सकाळपासून कडक ऊन, तीन-साडेतीनला ईशान्येकडून काळं भरून येतं. त्या वेळी शहाणा माणूस घराकडे पळेल. आम्ही उलट रानाकडे पळतो! कारण कापून टाकलेल्या सोयाबीनची गंजी उघडी असते. वर्षाची कमाई तिथं पडलेली असते. मग घरधनी, त्याची बायको, कॉलेजातलं पोरगं, सगळे मिळून ताडपत्री ओढतात. वाऱ्यानं ताडपत्री फडफडते, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे असतात, म्हणून एकजण गंजीवर चढतो. सपाट रानात, ढग गडगडत असताना, सगळ्यात उंच जागेवर ओला माणूस उभा. दरवर्षी मी हे बघतो आणि दरवर्षी पोटात गोळा येतो. कापणी झाली की त्याच संध्याकाळी, आभाळ निरभ्र असलं तरी गंजी झाकून टाकायची, ही एक सवय लागली तरी कितीतरी जीव वाचतील. ताडपत्री आधीच अंथरून ठेवायला खर्च येत नाही.

आणि झाडाखाली? तेच तर सगळ्यात वाईट. लोकांना वाटतं वीज थेट डोक्यावर पडली तरच माणूस मरतो. तसं नसतं. झाडावर पडलेली वीज खोडावरून उडी मारून शेजारच्या माणसात शिरते. जमिनीत उतरली की भोवती पसरते आणि एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरते. दोन पायांत जितकं अंतर जास्त, तितका झटका मोठा. म्हणून तर झाडाखाली बांधलेली बैलजोडी एकदम जाते आणि लांब उभा धनी कधीकधी वाचतो. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर किती असतं बघा, आणि मध्ये काळीज. २०१६च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या पठारावर एका वादळात ३२३ रेनडिअर जागच्या जागी मेली होती, तीही अशीच कळपात गोळा झालेली.

"मग इशारा मिळतो की मोबाईलवर!" असं शहरातले मित्र म्हणतात. मिळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप चांगलं आहे, आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. प्रत्येकानं ते घ्यावंच. सरकारचे मेसेजही मराठीत येतात, "पुढील तीन तासांत तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस". पण तो मेसेज असतो अख्ख्या जिल्ह्याला. आठ वेळा मेसेज आला आणि आपल्या शिवारात थेंब पडला नाही की नवव्या वेळी कोण बघतं? शिवाय बाईचा फोन असतो कुठं? भाकरीच्या पिशवीत, आणि पिशवी बांधावरच्या झाडाला अडकवलेली. कित्येकींकडे फोनच नसतो, घरातला एक फोन नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे. इशारा पोचतो फोन ज्याच्या खिशात त्याला, आणि तो बहुतेक वेळा तालुक्याच्या गावी हॉटेलात चहा पीत असतो.

समजा इशारा मिळाला. पुढं काय? माझं सगळं म्हणणं इथंच आहे. पळायचं कुठं? गाव दोन-अडीच किलोमीटर. चिखलात, डोक्यावर पाऊस घेऊन, अर्धा तास उघड्या रानातून चालणं म्हणजे आणखी धोका. रानात असतं काय, तर कोपी, नाहीतर चार खांबांवर टाकलेले पत्रे. दोन्ही पावसापासून वाचवतात, विजेपासून नाही. मग माणूस झाडाखाली जातो. त्याला माहीत नसतं म्हणून नाही, दुसरी जागा नसते म्हणून. पोस्टरवर "झाडाखाली थांबू नका" छापणं सोपं आहे. कुठं थांबायचं ते छापलेलं कुणी दाखवा.

मला हवंय ते एवढंच की दर शिवारात, पाणंदीच्या कडेला, पक्क्या बांधकामाची एक खोली असावी. दहा-बाय-दहाची, तीन भिंती-चौथा उघडा असला आडोसा नको, दार असलेली. वर वीजरोधक, त्याची तार नीट जमिनीत पुरलेली, अर्थिंग दरवर्षी तपासलेलं. आत वीस बाया उभ्या राहतील एवढी जागा. खतं-औषधं ठेवायला ती कुणी बळकावू नये म्हणून मालकी ग्रामपंचायतीची. सरकारच्या पाणंद रस्ते योजनेतून शेतरस्त्यांना पैसा मिळतोच, त्याच रस्त्यावर ठरावीक अंतरावर ही खोली का नको?

वीजरोधक ग्रामपंचायतीच्या छपरावर बसवला की गाव सुरक्षित झालं, असा समज पसरलाय. त्या सळईनं वाचते ती खालची इमारत आणि तिच्या उंचीच्या आसपासचा परिसर. दोन किलोमीटरवरच्या रानातल्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नाही. बांगलादेशानं २०१६ मध्ये वीज ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, गावोगाव ताडाची रोपं लावली. पण ताड उंच व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि तोवर माणूस रानातच असतो. झाडं लावावीत, खोलीऐवजी नकोत.

खोली होईपर्यंत एक सोपी गोष्ट. मजूर ज्या जीपमधून रानात येतात ती बंद काचांची, लोखंडी टपाची जीप ही शिवारातली सगळ्यात सुरक्षित जागा आहे. वीज पडली तरी टपावरून बाहेरून जमिनीत जाते, आतल्या लोखंडाला हात लावू नये एवढंच. पण जीपवाला सकाळी मजूर सोडतो आणि दुसऱ्या भाड्याला निघून जातो. काढणीच्या दिवसांत दुपारनंतर जीप बांधावरच थांबवायची, डिझेलचे-भाड्याचे जादा पैसे शेतकऱ्यानं द्यायचे. रिक्षा आणि उघडा ट्रॅक्टर यात धरू नका.

आता जरा कडू बोलतो. आमच्याकडे काढणी गुत्त्यानं जाते, एकराचा भाव ठरतो. ढग आले म्हणून टोळी थांबली तर नुकसान टोळीचं, म्हणून बाया विळा खाली ठेवत नाहीत. रोजानं असल्या तरी अर्ध्या दिवसाची हजेरी कापली जाते. चारशे-पाचशे रुपयांसाठी कुणी जिवाशी खेळतं का, असं विचारणाऱ्यानं आधी ते चारशे देऊन बघावेत. गडगडाट ऐकू आला की काम बंद आणि हजेरी पूर्ण, हा गावाचा नियम व्हायला पाहिजे. मीही शेतकरीच आहे, सोयाबीनला भाव काय मिळतो ते मला कुणी सांगायला नको. तरीही म्हणतो, हा खर्च आपला आहे.

वीज चमकल्यावर आवाज तीस सेकंदांच्या आत आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असं धरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. उघड्यावर अडकलातच तर एकमेकांपासून लांब व्हा, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. कुणाला वीज लागली तर त्याला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा. काही भागांत अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात, त्यात वाचवायची मिनिटं जातात.

आणि गेलाच कुणी, तर घाईनं अंत्यविधी उरकू नका. राज्य सरकार वीज पडणं ही आपत्ती मानतं, वारसांना ४ लाखांची मदत आहे, पण त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन लागतं. आमच्या जवळच्याच एका वाडीत, शेळ्या राखणाऱ्या एका घरातल्या लोकांनी वीज पडून गेलेल्याला रात्रीच माती दिली. पुढं त्या घरातल्या माउलीला कागदासाठी किती हेलपाटे पडले ते मी बघितलंय. वीज पडली हे सगळ्या गावाला ठाऊक, कागदावर मात्र काही नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही काहीजण दोन ठराव मांडणार आहोत, एक पाणंदीवरच्या खोलीचा, दुसरा पूर्ण हजेरीचा. काढणीच्या आधी दीड महिना मिळतो. तुमच्या गावात असा निवारा कुणी बांधला असेल तर जागा कुणी दिली, खर्च किती आला, पैसा कुठल्या योजनेतून बसवला, हे खाली लिहा. ठरावाला जोडायला उपयोगी पडेल.