स्ट्रिप कापत नाही म्हणे!

आज दादरला केमिस्टकडे चार गोळ्या मागितल्या. "मॅडम, स्ट्रिप कापत नाही, पूर्ण घ्यावी लागेल." मागे रांग होती म्हणून भांडले नाही, दहाची घेतली. पण लोकलमध्ये बसल्यापासून डोकं फिरलंय, आणि ते गोळ्यांपायी नाही. उरलेल्या सहा निदान माझ्या पर्समध्ये तरी आहेत.

आईच्या औषधातलं उरलेलं कुठे जायचं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मायलोमासाठी, म्हणजे एक प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी, तिला दर आठवड्याला बॉर्टेझोमिबचं इंजेक्शन होतं. डोस शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो, चौरस मीटरला 1.3 मिलिग्रॅम. आमची आई चणीने लहान, तिला लागायचं 1.9. वायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, साडेतीनची. सिस्टर पावडरीत सलाईन घालायच्या, सगळं मिळून दीड मिलीसुद्धा नाही. त्यातलं जेमतेम निम्मं सिरिंजमध्ये घेऊन पोटावर टोचायच्या आणि बाटली पिवळ्या पिशवीत. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "अहो सिस्टर, आहे की त्यात अजून!" ही बाई दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात घालणारी.

बिलावर मात्र एक वायल. पूर्ण. म्हणजे शंभरातले पंचेचाळीस रुपये कचऱ्यात, आणि त्याचा कुठे उल्लेखसुद्धा नाही.

त्यात प्रिझर्वेटिव्ह नसतं, एकदा विरघळवलं की आठ तासांत वापरायचं, पुढच्या आठवड्याला ठेवता येत नाही. कबूल. इन्फेक्शन झालं असतं तर मीच पहिली ओरडले असते.

पण अहो, हेच औषध 2 मिलिग्रॅमच्या वायलमध्ये मिळतं! 1.9 लागणाऱ्या बाईला 2ची! फार्मसीच्या खिडकीवर विचारलं, तर "आम्ही साडेतीनचीच ठेवतो." मग बाहेरून आणू? "बाहेरचं चालणार नाही." का? मान वर न करता, "पॉलिसी आहे." कुणाच्या सोयीची पॉलिसी, ते कळायला सीए व्हावं लागत नाही.

ऊठसूट अमेरिकेचे दाखले देणाऱ्यांचा मला वैताग येतो, पण आज मीच देते. तिथे मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या, बिलात असं किती औषध फेकलं ते 2017पासून वेगळ्या ओळीत दाखवावंच लागतं. आणि 2021च्या कायद्याने, अशा वायलमधलं साधारण दहा टक्क्यांच्या वर जे वाया जाईल त्याचे पैसे कंपनीने सरकारला परत करायचे. पेशंटच्या हातात त्यातलं काय पडतं, हा प्रश्न उरतोच. पण निदान कागदावर तरी येतं!

डॉक्टरांवर राग नाही माझा. चांगले होते, आईशी मराठीत गप्पा मारायचे.

कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, डोस किती, वायल केवढ्याची, लहान का मागवत नाही. कदाचित तुमच्याशीही मान वर न करताच बोलतील. तरी विचारा. मी फार उशिरा विचारलं.

सोळा इंजेक्शनं झाली. आत्ता मोबाईलवर हिशेब केला, सात वायल भरतील एवढं फेकलं. सात! तेव्हा हे सुचलंच नाही, तिच्या पायांना मुंग्या यायच्या, सगळं लक्ष त्यात. शेवटी शेवटी तर टॅक्सीत बसलं की तीच विचारायची, "आज किती फेकलं गं?" आणि हसायची.

मी म्हणायचे, "आई, गप्प बस जरा."