एका किलोसाठी रंग खरवडला म्हणे!

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर ही गोष्ट दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतेच. जून १९३४, जर्मनीतलं नुर्बुर्गरिंग. आयफेल शर्यतीच्या आदल्या दिवशी मर्सिडीजची नवी रेसिंग कार डब्ल्यू २५ काट्यावर ७५१ किलो भरली. मर्यादा ७५० ची. मॅनेजर आल्फ्रेड नॉयबाउर यांनी रातोरात पांढरा रंग खरवडून घेतला, खालचा पत्रा चमकला आणि 'सिल्व्हर अ‍ॅरो', म्हणजे जर्मनीच्या त्या प्रसिद्ध रुपेरी रेसिंग गाड्या, जन्माला आले.

७५० किलोचा नियम खरा आहे. त्याच वर्षापासून ग्रां प्रीला तो लागू झाला. पेट्रोल, ऑइल, पाणी आणि टायर सोडून गाडीचं वजन धरायचं. पण नेमकी ही आयफेल शर्यत खुल्या गटात झाली. तिथे वजनाची अटच नव्हती! मग एक किलो जास्त भरला म्हणून धावपळ कशाला?

आता रंग. १९३२ च्या मे महिन्यात बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर मानफ्रेड फॉन ब्राउखिच वारा कापणाऱ्या लांबुळक्या बॉडीची मर्सिडीज एसएसकेएल घेऊन उतरले. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उघडाच, रंगच दिलेला नाही. बर्लिनकर तिला 'काकडी' म्हणून हसले, आणि त्याच काकडीने ड्रायव्हर काराचिओलाच्या अल्फा रोमिओला मागे टाकलं. 'रुपेरी बाण' ही उपमाही रेडिओवर तेव्हाच निघाली, असं सांगतात. म्हणजे आयफेलच्या दोन वर्षं आधी.

आणि मर्सिडीजची जर्मन प्रतिस्पर्धी कंपनी ऑटो युनियन, तिचं काय? २७ मे १९३४ ला, म्हणजे आयफेलच्या आदल्याच आठवड्यात, तिच्या गाड्या आवुसवर रुपेरी रंगातच धावल्या. त्या कुणी खरवडल्या होत्या?

गोष्ट सगळीकडे पोचली ती नॉयबाउर यांच्या १९५८ च्या आठवणींमुळे. 'ब्राउखिचनेही दुजोरा दिलाय' असं कुणीतरी लगेच लिहील. दिलाय, पण तोही बऱ्याच वर्षांनी. आणि आयफेलची ती शर्यत ब्राउखिच यांनीच जिंकली होती. इतका छान किस्सा आपल्याच विजयाला चिकटत असेल तर खोडून कोण काढेल?

तरी पटत नसेल तर जवळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारा. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. ती रात्रभर पॉलिश पेपरने घासली तर सकाळी हाताला येतो तो ओरखड्यांनी भरलेला, डागाळलेला पत्रा.