अर्धवट नाही, काका, पुरं झालेलं काम आहे

काका, हाताने घडवलेल्या मातीच्या वाडग्याच्या फोटोवरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ‘अंगावर बोटांच्या रेघा, रंग कुठे गडद कुठे फिका, चमक नाही, बुडाला तर रंगच नाही. असलं अर्धवट काम हाताचं म्हणून डोक्यावर घ्यायचं? रावपुऱ्यात याहून देखणा वाडगा दीडशेला मिळतो!’

हाताचं म्हणून सूट देऊ नये, हे शंभर टक्के मान्य. डुगडुगणारं भांडं कुणीही केलेलं असो, वाईटच.

पण बुडाचं बघा. हा वाडगा स्टोनवेअरचा, म्हणजे साधारण १२०० अंशांच्या वर भाजलेला. त्या आचेत ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा लेप, वितळून काच होते. बुडाला लावली तर भांडं भट्टीतल्या फळीलाच चिकटेल. तुमचा रोजचा चहाचा कप उलटा करा; बहुतेक तिथेही एक कोरी कड सापडेल. रंगाचंही तेच. वितळलेली ग्लेझ काठावरून खाली सरकते, तिथे पातळ होऊन आतली तांबूस माती डोकावते, आणि खाचांत साचून गडद होते. त्या खाचा म्हणजेच तुमच्या रेघा. चाकावर भिंत वर ओढताना बोटं फिरली, त्या. पुसता आल्या असत्या. पुसल्या नाहीत, कारण ग्लेझला साचायला जागा हवी होती. मला तरी वाडग्याची सगळी मजा तिथेच वाटते.

चमक मुद्दाम मारलीय. मॅट, म्हणजे बिनचमकीची ग्लेझ हळूहळू थंड झाली की तिच्यात बारीक स्फटिक धरतात आणि उजेड विखुरतो. आपल्याच बडोद्यात सिरॅमिक कलाकार ज्योत्स्ना भट्ट यांनी सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये कितीतरी वर्षं सिरॅमिक शिकवलं. त्यांची मांजरं, घुबडं, कमळाच्या कळ्या बघा, अशाच मंद रंगांतली. त्यांना कुणी अर्धवट म्हणणार नाही, तुम्हीसुद्धा नाही.

फोटोत न दिसणारी गोष्ट वजनाची. चाकावरून उतरवलेला वाडगा थोडा सुकला की उलटा ठेवून बुडाची जादा माती तासतात. कमी तासली तर हातात धोंडा, जास्त तासली तर भोक. वर सुकताना आणि भाजताना माती आक्रसते, दहा-बारा टक्के सहज, तोही हिशेब आधीच धरायचा. हा वाडगा दिसतो त्याहून हलका लागतो. दीडशेचा देखणा असेलही. दोन्ही हातांत घेऊन बघा आणि मग भांडा माझ्याशी.

किमतीवर वाद नको, ज्याची त्याची ऐपत.

मायक्रोवेव्हचं विचारलंत: मी ठेवते, काही होत नाही. गॅसवर मात्र नको, एकाच जागी आच लागली की तडकेल.