कोल्सेरोला, वेताळ टेकडी आणि तीन मीटरचा रस्ता

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर परत एकदा पुण्यातल्या नियोजित बालभारती–पौड फाटा रस्त्यावरून पेटलं. दादा कोथरूडला राहतो, ऑफिस सेनापती बापट रोडला, रोज लॉ कॉलेज रोडवर अडकतो, त्यामुळे त्याचं म्हणणं की वेताळ टेकडीच्या उतारावरून तो दोनेक किलोमीटरचा रस्ता करून टाका आणि खालून जे दोन बोगदे सुचवलेत तेही काढा. मावशी वीसेक वर्षं पहाटे वेताळ टेकडीवर चालायला जाते, तिचं म्हणणं टेकडीला हात लावायचा नाही. मग दादाने मला टॅग केलं, "तू बार्सेलोनात राहतोस ना, सांग तिला, युरोपात डोंगरातून बोगदे काढतातच की!"

काढतात. मी ज्या डोंगरात दर शनिवारी सायकल चालवतो त्याच्याच पोटातून काढलाय. पण दादाला वाटतं तेवढ्यावर ही गोष्ट संपत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोंगराचं नाव कोल्सेरोला. शहराला अगदी चिकटून, ८,००० हेक्टरांपेक्षा मोठा, सगळ्यात उंच टोक तिबिदाबो ५१२ मीटर, म्हणजे उंचीला काही सह्याद्री नाही. शनिवारी सकाळी सायकल घेऊन प्लासा कातालुन्याला ट्रेनमध्ये चढायचं, पुढे १९०६ पासून चालू असलेल्या वाल्विद्रेराच्या फ्युनिक्युलरमध्ये, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीत, बसायचं आणि मधल्या स्टॉपसाठी बटण दाबायचं, की दार उघडतं ते थेट काररेतेरा दे लेस आयग्वेसवर. पाण्याचा रस्ता असा त्याचा अर्थ, शहराला पाणी नेणाऱ्या पाइपलाइनच्या कडेने तो आखला गेला म्हणून. जवळजवळ सपाट, दाबलेल्या मातीखडीचा, आणि ४० मिलिमीटरच्या टायरची ग्रॅव्हल बाइक यासाठीच बनवलीये असं वाटावं असा. एका बाजूला पाइनचा उतार, दुसऱ्या बाजूला खाली अख्खं शहर, सग्रादा फमिलियाचे मनोरे, बंदर, समुद्र. पाऊस पडून गेल्यावर रोझमेरी आणि थाइमचा असा काही वास सुटतो की मी उतरून नुसता उभा राहतो. मग वर चढून मागच्या उताराने सांत मेदिरचं छोटं देऊळ (३ मार्चला त्याची जत्रा असते, गर्दीवर गोळ्या-चॉकलेटं उधळतात आणि लोक डोंगर ओलांडून देवळाला येतात, मला दरवर्षी चतुःशृंगी आठवते), पुढे कान बोर्रेल, तिथून टेकू लावून जपलेला दोनशेहून जास्त वर्षांचा पाइन, आणि सांत कुगातला ट्रेन पकडून परत.

आता बोगदा. गाड्यांचा वाल्विद्रेराचा बोगदा १९९१ मध्ये उघडला, टोल भरून जायचं. पण त्याच डोंगराखालून ट्रेन १९१६ मध्येच पलीकडे पोचली होती, १९१७ मध्ये सांत कुगातपर्यंत गेली. म्हणजे आधी पंचाहत्तर वर्षं ट्रेन आणि मग मोटारी, हा क्रम दादा, तू विसरतोस. आणि मोटारींचा बोगदा झाला तेव्हा डोंगर मोकळा सोडलेला नव्हता, १९७६ च्या महानगर आराखड्यात तो पार्क म्हणून राखलेला होता, १९८७ मध्ये त्याच्यासाठी वेगळा आराखडा झाला, २०१० मध्ये नॅचरल पार्कचा दर्जा मिळाला. शहराच्या होर्टा भागाकडून आखलेला आणखी एक बोगदा आजवर झालेला नाही. आपल्याकडे पुण्याचा जुना विकास आराखडाही १९८७ चाच, हे आठवलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण सुरुवात एकाच वेळची होती.

ग्रुपवर आणखी एक मुद्दा आला, तो मला जास्त लागला. कुणीतरी लिहिलं की वेताळ टेकडीवरचं जंगल काही मूळचं नाही, गिरिपुष्प हे बाहेरून आणलेलं, झपाट्याने वाढणारं झाड लावून हिरवं केलंय, मग त्यातला पट्टा गेला तर एवढं काय? अरे, कोल्सेरोलाही मूळचं नाही! या उतारांवर द्राक्षाचे मळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा नावाच्या किडीने वेली मेल्या, शेतकऱ्यांनी मळे सोडले आणि त्या जागी अलेप्पो पाइन माजला, सावलीत मागून ओक आले. पाइनच्या खाली दगडी पायऱ्यापायऱ्यांचे जुने बांध अजून दिसतात. म्हणून कुणी म्हणत नाही की हे खोटं जंगल आहे, इथे रस्ता टाका. गिरिपुष्प हळूहळू काढून देशी झाडं, आणि काही ठिकाणी नुसतं गवत येऊ द्यावं असं मलाही वाटतं, पण ते टेकडी सुधारण्याबद्दलचं बोलणं झालं, टेकडी कापायचं कारण म्हणून ते वापरायचं नाही.

पण मावशीचंही सगळं मला पटत नाही. तिच्या चालणाऱ्या ग्रुपला टेकडीवर सायकलीच नको आहेत. मोटरसायकली घालतात त्यांच्याबद्दल ती म्हणते ते शंभर टक्के बरोबर. पण सायकल? इथला नियम बघा, सायकल फक्त तीन मीटरपेक्षा रुंद रस्त्यावर, वेग ताशी २० पर्यंत, आणि पहिला हक्क चालणाऱ्याचा. साधं कारण आहे, अरुंद पायवाटेवर चाकाने चर पडतो, पावसाचं पाणी त्याच चरातून धावतं आणि दोन वर्षांत पायवाटेची घळ होते, आपल्या मुरमात आणि आपल्या पावसात तर एकाच पावसाळ्यात होईल. इथेही यावर भांडणं आहेतच, माउंटन बाइकवाल्यांना अरुंद वाटा हव्यात, चालणारे वैतागलेले असतात, रविवारी पाण्याच्या रस्त्यावर इतकी गर्दी की मी जातच नाही. पहिल्या वर्षी एका आजींच्या जवळून जोरात गेलो तर त्या ओरडल्या, "आ पोक आ पोक!", म्हणजे हळूहळू. थांबून माफी मागितली. त्यांनी मला नियम समजावला, पण तू इथे येऊच नकोस असं नाही म्हणाल्या, आणि मावशी, मला तुझ्याकडून एवढंच हवंय.

कारण या डोंगरामागे लोक उभे राहतात ते तिथे जातात म्हणून. सांत कुगातच्या बाजूला तोर्रे नेग्रा नावाचा शेताजंगलाचा पट्टा आहे, तिथे घरं बांधायचा घाट होता, गावातले लोक वर्षानुवर्षं त्याच्याविरुद्ध लढले, आणि ते तिथे रोज कुत्रं फिरवणारे, सायकल चालवणारे, पोरांना नेणारे लोक होते. पुण्यात २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला तेव्हाही रस्त्यावर आले ते टेकडीवर जाणारेच.

इथे सगळं छान आहे असं अजिबात नाही. दुष्काळ इतका वाढला की फेब्रुवारी २०२४ मध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली, डोंगरावरचे पाइन उभेच्या उभे तपकिरी पडले. रानडुकरं खाली वस्तीत उतरतात. आगीचा धोका फार वाढला की उन्हाळ्यात पार्कात जायलाच बंदी येते. आणि जमीन, तीही बरीच खासगी मालकीची आहे, आपल्यासारखीच. फरक एवढा की नऊ नगरपालिकांच्या हद्दीतला हा डोंगर सांभाळायला एकत्र मिळून एक संस्था आहे, माणसं आहेत, पाट्या आहेत. आपल्याकडे पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर ९७६ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण २०१५ मध्ये मंजूर झालं, मालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे बांधकाम करायचा किंवा विकायचा हक्क) देऊ केला, तेवढ्यात जमीन कोण देणार? ना मालकाला मोबदला पटला, ना लोकांना पार्क मिळाला. मला विचाराल तर रस्त्याच्या खर्चातले पैसे आधी पुण्याच्या या टेकड्यांसाठी जावेत, आणि टेकडीच्या पायथ्याशी दर दहा मिनिटांनी बस यावी, म्हणजे दादासारख्यांनाही वर जाऊन बघता येईल, तो शाळेनंतर टेकडीवर गेलेलाच नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर अजून आलेलं नाही. मावशीने विचारलं, तीन मीटर म्हणजे साधारण किती पावलं? मी म्हटलं तुझी चार-पाच. उद्या पहाटे ती मोजून येणार आहे, टेकडीवरच्या खाणीपासून मारुतीच्या देवळापर्यंत.