चाक खाली, पान वर

माउस एकदाचा मेला तर माणूस दुसरा आणतो आणि कामाला लागतो. छळतो तो अर्धमेला माउस. कर्सर 'सेव्ह'वर न्यायला जावं तर ऐन वेळी तिरका जाऊन 'डिलीट'वर बसतो. चाक खाली फिरवावं तर पान चार ओळी खाली, दोन वर, पुन्हा तीन खाली. अशा वेळी शेजारून कोणीतरी हमखास डोकावतं आणि "व्हायरस असेल" असं निदान करून निघून जातं. व्हायरस लिहिणाऱ्याला तुमचे पासवर्ड हवे असतात. तुमचं पान दोन ओळी वर सरकवून त्याच्या पदरात काय पडणार?

मग घरगुती उपचार सुरू होतात: फुंकर मारणं, मांडीवर पुसणं, रीस्टार्ट, आणि शेवटी टेबलावर आपटणं. आपटल्यावर माउस कधीकधी पाच मिनिटं गुणी बाळासारखा चालतो, आणि घोटाळा तिथेच होतो. आतली धूळ जरा हललेली असते किंवा सैल सेल पट्टीला नीट टेकलेला असतो, इतकंच. पण आपटण्यावरची श्रद्धा मात्र आयुष्यभरासाठी पक्की होते.

माझी पहिली सूचना कोणालाच आवडत नाही, कारण तिच्यात उघडायचं-बिघडायचं काही नसतं. माउस काढून टाका. वायरचा असेल तर उपटा, बिनवायरचा असेल तर पोटावरचा खटका बंद करा. हात मागे घ्या आणि पडद्याकडे बघत बसा. कर्सर अजूनही भटकतोय? पान आपोआप खाली चाललंय? मग माउस निर्दोष आहे, त्याची माफी मागा आणि बाकीच्या संशयितांना बोलवा.

कीबोर्डवर खाली जाणारा बाण किंवा पेज डाउन अडकलं असेल तर पान पाताळापर्यंत जातं. कंट्रोल अडकलं असेल तर चाक फिरवल्यावर पान सरकत नाही, अक्षरंच लहानमोठी होतात. कंट्रोल मोकळं करा आणि मग ब्राउझरमध्ये कंट्रोल-शून्य दाबून अक्षरं मूळ मापावर आणा. टचस्क्रीनवर ओलसर डाग असला की त्यालाही ती बोट समजते. गेम खेळायचा कंट्रोलर मागे जोडून विसरला असेल आणि त्याची दांडी झिजून जराशी कललेली असेल, तरी काही प्रोग्रॅममध्ये पान सरकत राहतं. लॅपटॉपचा टचपॅड चार्जर लावल्यावरच थरथरत असेल तर चार्जर काढून बघा. थरथर थांबली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका: टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, दाबला जात नसेल, तर त्याच्या खालची बॅटरी फुगलेली असू शकते. तिथे दाबून बसवणं, टोचणं काही नको. मशीन बंद करा, चार्जर काढा आणि जाणकाराकडे न्या.

माउस काढल्यावर सगळं शांत झालं, तर तोच माउस दुसऱ्या संगणकाला लावा. तिथेही तेच चाळे असतील तर गुन्हेगार सापडला. तिथे शहाण्यासारखा वागला तर दोष टेबलाचा, पोर्टचा, सेटिंगचा किंवा डोंगलच्या (बिनवायरच्या माउसबरोबर येणाऱ्या, पोर्टात खोचायच्या चिमुकल्या तुकड्याच्या) जागेचा. या एका चाचणीने अर्धा दिवस वाचतो. लोक ती सर्वांत शेवटी करतात.

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण कर्सरच्या बाबतीत उलटी लागू पडते, कारण इथे बहुतेक वेळा अंगणच वाकडं असतं. माउसच्या पोटातला चिमुकला कॅमेरा सेकंदाला हजारो वेळा टेबलाचं छायाचित्र काढतो आणि मागच्या चित्रापेक्षा हे चित्र किती सरकलं ते मोजतो. खाली पारदर्शक काच असेल तर त्याला दिसायलाच काही नाही. चकचकीत टेबल असेल तर नुसती चमक दिसते. खाली साधा कागद ठेवा. कर्सर सुधारला तर माउसपॅड घ्या आणि विषय संपवा. नाहीच सुधारला तर माउस उलटा करून प्रकाशाच्या भोकात बघा. तिथे हमखास एखादा केस आडवा पडलेला असतो. जागच्या जागी थरथरणाऱ्या कितीतरी कर्सरांचं मूळ या एका केसात असतं. चिमट्याने काढा, कोरड्या कापसाच्या काडीने पुसा.

बिनवायरच्या माउसमध्ये आधी सेल बदला, मग डोंगलची जागा. डोंगल बोलतो 2.4 गिगाहर्ट्झवर आणि यूएसबी 3.0च्या वायरी व पोर्ट नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने 2012 साली यावर रीतसर टिपण काढलं आहे. म्हणून शेजारच्या पोर्टात हार्ड डिस्क लावून मोठी फाइल कॉपी करायला घेतली की कर्सर अडखळतो. डोंगल यूएसबी 2.0च्या पोर्टात लावा, नाहीतर हातभर एक्स्टेन्शन केबलने माउसजवळ आणा.

आता चाक. खटके देत फिरणाऱ्या नेहमीच्या चाकाला एका फेरीत बहुधा 24 खटके असतात, म्हणजे दर 15 अंशांना एक. विंडोज दर खटक्याला मुळात तीन ओळी सरकवते. चाकाच्या दांडीचं टोक एन्कोडर नावाच्या इवल्याशा डबीच्या षटकोनी भोकात बसतं. डबीत दोन संपर्क असतात. आधी पहिला जुळला आणि मग दुसरा, तर दिशा खाली. उलट क्रम झाला तर वर. सगळी अक्कल या क्रमात. धूळ बसली, संपर्काचा पत्रा काळवंडला किंवा झिजला की एखादा ठोका गळतो, क्रम उलटा वाचला जातो आणि पान वर उडी मारतं. ड्रायव्हर, म्हणजे माउस चालवणारा प्रोग्रॅम, दहादा टाकून काही होणार नाही. पत्र्यावरची काजळी ड्रायव्हरला कशी पुसता येईल?

माउस उघडायचा तर स्क्रू बहुधा खालच्या निसरड्या पट्ट्यांखाली लपलेले असतात. केस वाळवायच्या यंत्राने पट्ट्या जरा गरम केल्या तर त्या न फाटता निघतात. चाक उचलताना खालची स्प्रिंग कुठे जाते यावर नजर ठेवा, ती पळते. एन्कोडरच्या भोकाच्या कडेने काँटॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा किंवा 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एकदोन थेंब सोडा, चाक दोन्हीकडे पन्नासेक वेळा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. स्वयंपाकाचं किंवा शिलाई मशीनचं तेल अजिबात नको, त्यावर धूळ दुप्पट बसते. बऱ्याचदा एवढ्याने गाडी महिनोन्महिने चालते. पत्राच झिजला असेल तर एन्कोडर बदलायचा: तीन पायांचा डाग (सोल्डर) काढून नवा बसवायचा. पण उंची आधी मोजा. 7, 9, 11 मिलिमीटर असे बरेच प्रकार मिळतात आणि चुकीचा बसवला तर चाक एकतर बुडतं नाहीतर वर येऊन टोपणाला घासतं. काही माउसांत एन्कोडरऐवजी प्रकाशकिरण आणि आऱ्यांची चकती असते. तिथे आऱ्यांत गुंतलेला केस काढला की काम फत्ते.

पान कधीमधी नव्हे, तर न चुकता दर वेळी उलट जात असेल, तर मात्र माउस ठणठणीत आहे. मॅकवर 2011पासून 'नॅचरल स्क्रोलिंग' मुळातच चालू असतं. माउसच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. त्याबरोबर ट्रॅकपॅडची दिशाही बदलेल, हे धरून चाला. ज्यांच्या टेबलावर आत्ता चार स्क्रू पडलेत आणि स्प्रिंग सापडत नाहीये, त्यांनी खरं तर हा परिच्छेद आधी वाचायचा होता.