प्रार्थना थांबलेली नाही, काका

काका, सलाम.

वय तुम्हीच कळवलंत, म्हणून काका म्हणते. तुम्ही तळमळीने लिहिलंय, तेव्हा दोन ओळींत बोळवण करणं बरं नव्हे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या दिव्यांग लेकीला चंगाई सभांना, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभांना, नेणं आम्ही सोडलं, हा अविश्वास. ‘विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील’ हे बायबलमधलं वचन (याकोब 5:15) इतकं स्पष्ट असताना मी फिजिओथेरपीचं कौतुक करते. दिव्यांगत्वाचं कार्ड काढून आम्ही शापावर सही केली. आणि 1905 साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे प्रार्थनेची मोठी जागृती, आलं, त्या पुणे जिल्ह्यातल्या ख्रिस्ती आईने हे लिहावं, याची तुम्हाला लाज वाटते.

पंधरावं वचन तुम्ही दिलंत, चौदावं गाळलंत. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, असं तिथे आहे. म्हणजे वडील आजाऱ्याकडे येतात. मांडव नाही, माइक नाही, स्टेजसमोर रांग नाही. विश्वासाने प्रार्थना करायची तीही वडिलांनी. आजाऱ्याचा विश्वास पुरेसा आहे का, हे तिथे कुणी तपासत नाही. पुढे पापाचा उल्लेख येतो तोही ‘केलं असेल तर’ अशा बोलीने. आमच्या मंडळीचे वडील घरी येतात, तेल लावतात, हात ठेवून प्रार्थना करतात. आजही. त्यात खंड पडलेला नाही.

सोडलं काय, ते सांगते. एका मोठ्या सभेत वक्त्याने लेकीला व्हीलचेअरवरून उठवून सगळ्यांसमोर उभं केलं. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. आधार सुटताच गुडघे वाकले आणि ती खाली बसली. त्यावर माइकवरून ऐकायला मिळालं की आईबापांचा विश्वास कमी पडतोय. खाली आल्यावर त्यांच्या एका माणसाने फिटच्या गोळ्या बंद करायचा सल्ला दिला. काका, या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट लांबते, जिवावर बेतू शकतं. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण वाचणाऱ्यांत अशा मुलांच्या आया आहेत. घरी आल्यावर लेकीने विचारलं, “मी चालले नाही म्हणून देव तुमच्यावर रागावलाय का?” ज्या सभेतून मूल हा प्रश्न घेऊन घरी येतं, तिथे मी तिला परत नेणार नाही.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? प्रभूने दोन्ही नाकारलं. तो आंधळा पुढे बरा झाला हे मी लपवत नाही. लेकीसाठीही मी तेच मागते. पण पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, तेव्हा “माझी कृपा तुला पुरे आहे” एवढंच उत्तर मिळालं. आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे गेला. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. पौलाचाही विश्वास कमी पडला, असं तुम्ही म्हणाल का?

आता मुक्ती. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला, आणि ऐकू कमी येत असल्याने ते राहून गेलं. बहिरेपण पुढे वाढत गेलं. त्याच रमाबाईंच्या केडगावात 1905 चं संजीवन झालं, आणि त्यांनीच मूळ भाषांवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. रात्र रात्र प्रार्थना चालायची त्याच आवारात रमाबाईंच्या लेकीने, मनोरमाबाईंनी, अंध मुलींना ब्रेल शिकवायची सोय केली. डोळे उघडायची वाट बघत त्या मुलींना बसवून ठेवलं नाही. मुक्तीचं नाव तुम्ही काढलंत ते बरं केलंत. माझ्या बाजूने याहून मोठी साक्ष मला सापडली नसती.

फिजिओथेरपीचं एवढंच की सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण मूल वाढतं आणि ताठर स्नायू हाडांच्या मागे पडतात. रोजचं स्ट्रेचिंग, पायातले स्प्लिंट टाळले तर सांधे आखडतात. प्रार्थनेचं उत्तर येईपर्यंत ते आखडू द्यावेत, असं कुठल्या वचनात आहे?

कार्डाबद्दल तर मला थोडं हसूच आलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांपैकी तिचा एक. त्या कागदपत्रांवर तिला निरामय हा सरकारी आरोग्य विमा मिळाला, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीही येते. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. शाप एवढा उपयोगी असतो होय?

तुमच्याकडे माझंही एक मागणं आहे. बायबलमध्ये (2 शमुवेल 9) शौल राजाचा नातू मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता. दावीद राजाने त्याला रोज आपल्या पंक्तीला बसवलं, आणि त्या अध्यायाच्या शेवटच्या वचनातही तो लंगडाच आहे. आमच्या लेकीला चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या कठड्यापर्यंत जायला मध्ये तीन पायऱ्या आहेत. दर वेळी कुणीतरी तिला उचलतं. आता ती मोठी झालीय, तिला ते आवडत नाही. एक लाकडी रॅम्प पुरेल, पण पंचकमिटीत विषय निघाला की आधी छताचं काम, मग रंग, मग नाताळ. तुमच्या मंडळीत तुमच्या शब्दाला वजन असणार, लिहिण्यावरून दिसतंच. तिथे रॅम्प नसेल तर या महिन्याच्या मीटिंगमध्ये विषय काढाल?

शेवटी तुम्ही विचारलंय, घरी येऊन प्रार्थना करू का? जरूर या. संध्याकाळी सहानंतर या, त्याआधी तिचे व्यायाम असतात. तिला सगळं समजतं, फक्त वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागतो. मध्येच तोडू नका आणि तिचं उत्तर माझ्याकडे मागू नका. प्रार्थना कशासाठी करायची तेही तिलाच विचारा. सध्या पायांच्या आधी गणिताचा पेपर आहे, आणि संडे स्कूलच्या नाटकात मेंढपाळ नाही, गब्रीएल देवदूत व्हायचंय.