परत येण्याचे पुरावे

पर्यटक व्हिसाच्या अर्जात आपण का जाणार, याची चौकशी वरवरची. खरी उलटतपासणी होते ती आपण परत का येणार याची.

अमेरिकेने तर आडपडदाच ठेवलेला नाही. १९५२ च्या त्यांच्या इमिग्रेशन कायद्याचं २१४(ब) कलम सांगतं की, असा व्हिसा मागणारा कायमचं राहायलाच येतोय असं धरून चालायचं. तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवायचं. म्हणजे चोरी केली नाही हे सिद्ध करायचं, तेही चोरी व्हायच्या आधी. युरोपातले शेंगेनवाले, म्हणजे एकाच व्हिसावर फिरू देणारे देश, त्या मानाने सभ्य. ‘मुदतीत परत जाण्याच्या हेतूबद्दल रास्त शंका’ हे नकाराचं कारण त्यांनी छापूनच ठेवलंय. पुढच्या चौकोनात खूण केली की झालं.

बायकोचा बेत अमेरिका बघून येताना युरोपात उतरायचा. त्यामुळे आमच्याकडे पुराव्यांचे दोन गठ्ठे.

पहिला पुरावा साहेबांचं पत्र. ज्या ऑफिसपासून चार दिवस लांब राहावं म्हणून हा खटाटोप, तिथेच मी धावत परतणार, असं साहेबांनी सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं. मजकूर मीच टाइप करून नेला होता. ‘रजा संपताच वेळेवर कामावर रुजू होतील’ या ओळीवर त्यांचं पेन अडलं.

“हे कसं लिहू मी? तुम्ही इथे असताना तरी कुठे वेळेवर येता?”

‘वेळेवर’ खोडलं, मग सही झाली.

बँकेचं स्टेटमेंट हे वेगळंच दुखणं. शिल्लक कमी दिसली तर तिकडे जाऊन खाणार काय, ही शंका. अर्जाच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम जमा झाली तर ती उसनी आणली, ही शंका. आमचा एजंट स्टेटमेंटवरून बोट फिरवत म्हणाला, “पैसे कसे, हळूहळू वाढलेले दिसले पाहिजेत, काका.” माझे हळूहळू कमी होत होते. तो बराच वेळ काही बोलला नाही.

फोटो शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला दोन इंची चौकोनी. चेहऱ्यावर भाव नकोत. अमेरिकेला २०१६ पासून चष्माही चालत नाही. “काका, हसू नका,” फोटोग्राफर सारखा सांगत होता. मी हसत नव्हतोच, चेहराच तसा आहे. चष्मा काढल्यावर मात्र कॅमेरा कुठे आहे तेच दिसेना, आणि पाहिजे तसा फोटो आला.

अमेरिकेचा डीएस-१६० फॉर्म भरताना एक पान येतं: दहशतवादी कारवाया करण्याचा विचार आहे का? ‘हो’ म्हटलं तर खुलासा लिहायची सोय आहे. हा प्रश्न वाचून कुणी प्रामाणिकपणे खुलासा लिहायला बसला असेल का, या विचारात मी रमलो, तर मागून आवाज आला, “अहो, एवढा कसला विचार करताय? ‘नाही’ म्हणा!”

शेंगेनला किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. आजारपण, इस्पितळ, आणि मृत्यू झाल्यास देह मायदेशी आणण्याचा खर्च, सगळं त्यात. थोडक्यात, मेलात तरी परत जा.

मुलाखतीला आम्ही चार बोटं जाडीची फाइल घेऊन गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कशाला जाताय, किती दिवस, खर्च कोण करणार, इथवर ठीक चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, “आणि परत कशासाठी येणार?”

घोकलेली सगळी उत्तरं एकदम दारात अडकली. शेवटी बायकोनेच सांगून टाकलं, “घराच्या कर्जाचे हप्ते यांच्या नावावर आहेत.”

बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच माणसासारखं पाहिलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

यथावकाश शेंगेनचंही स्टिकर चिकटून आलं. पण व्हिसा म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे. विमानतळावरचा अधिकारी तेच प्रश्न पुन्हा विचारू शकतो आणि पटलं नाही तर दारातूनच माघारी पाठवू शकतो. म्हणून एजंटने बजावलंय, मूळ कागद सामानात टाकू नका, जवळ ठेवा. दोन्ही गठ्ठे मी हातातल्या बॅगेत बसवलेत. चेन लागते, पण गुडघा ठेवावा लागतो.

“आणि माझं स्वेटर?” बायको विचारतेय.